मैनाबाईंच्या लाल नळ्या

उजेडाकडे धरलेली काचनळी आणि तिच्यातल्या लाल द्रवातून गालावर उतरलेली तांबूस तिरीप: मैनाबाई मला अशाच आठवतात. इंग्रजी राजवटीच्या शेवटच्या वर्षांत गोंदियाच्या एका मिशन दवाखान्यात मी नर्स होते आणि त्या तिथली प्रयोगशाळा सांभाळत. माणसाच्या आतड्यातले जंतू त्या रॉकेलच्या दिव्याने ऊबदार ठेवलेल्या पेटीत वाढवत. कोणत्या जंतूला कोणती साखर पचते, कोण आम्ल करतो, कोण वायू सोडतो, हे डॉक्टरांसाठी टिपून ठेवत. लेकरांना भरवावं तसं त्या जंतूंना भरवत, पण नजरेत माया नसे. वैऱ्याच्या खाण्यापिण्याची खबर काढणाऱ्याची थंड, चिवट नजर होती ती.

वैर जुनं होतं. पटकीने त्यांची दोन्ही मुलं एका आठवड्यात नेली, आणि गावच्या जमीनदाराने, मालगुजाराने, भर चावडीवर सांगितलं, "हिनंच माहेराहून रोग आनला." तलाव बांधण्यात नाव असलेल्या कोहळी जातीच्या ज्या घराण्याने गावाचा तलाव बांधला, त्याच घरच्या सुनेला गावाबाहेर काढलं. बाईंना मात्र खात्री होती की रोग मालगुजाराच्या विहिरीतून आला. त्याच्या घराचा संडास विहिरीच्या वरच्या अंगाला होता. मलाही तो माणूस डोळ्यांसमोर नको असे, खोटं कशाला बोलू.

पुढे गावात पुन्हा जुलाब सुरू झाले आणि डॉक्टरांनी त्या विहिरीचं पाणी मागवलं. बाईंनी ते दुधाच्या साखरेच्या, आम्ल झालं की लाल होणाऱ्या निळ्या रसात सोडलं. दोन दिवसांत रस लाल झाला, रसात बुडवलेल्या छोट्या उपड्या नळीत वायूचा बुडबुडा चढला. ही आतड्यातल्या जंतूंचीच करणी. म्हणजे विहिरीत विष्ठा झिरपत होती.

मालगुजार निकाल ऐकायला आला तेव्हा ओसरीवर त्याच्याच गावचे रोगी बसले होते.

"आमच्या विहिरीले कायले नाव ठेवून राहिली? पानी सफ्फा हाये," तो गुरकावला.

बाईंनी तपासणीसाठी आलेल्या विहिरीच्या बाटलीत उरलेलं पाणी पेल्यात ओतून त्याच्यापुढे धरलं. "सफ्फा हाये ना, मालक? मंग घ्या एक घोट."

त्याने पेला हातात घेतलाच नाही. सगळी ओसरी बघत राहिली, आणि तो क्षण संपूच नये असं मला वाटलं.

विहीर बंद झाली, बाईंवरचा डाग गेला. त्या दिवशी दुपारी त्यांनी डबा उघडला आणि तसाच बाजूला सारला. मग म्हणाल्या, "जितली मी. आता घरी जाऊन सांगू कोनाले?"

बाईंना जाऊनही कितीतरी वर्षं झाली. काळाने त्या मालगुजाराचा चेहरा माझ्या मनातून पार पुसून टाकला; जी दोन मुलं मी कधी पाहिलीच नाहीत, त्यांची उणीव मात्र मला अजून जाणवते.