हरताळाचे हात

उदारामच्या हातांना विस्तव लागत नाही, अशी गोंदियाच्या त्या लाखेच्या कारखान्यात ख्याती होती. भट्टीसमोर वितळलेल्या लाखेचा गोळा तो बेधडक उचली. हात, पायांची बोटे आणि दात यांत कडा धरून असा ताणी की पाहता पाहता त्याचा पातळ, पिवळाधमक पत्रा, म्हणजे चपडा, होई. तो पिवळेपणा हरताळाचा, त्या पिवळ्या विषारी खनिजाचा. हरताळ वाटायचा, लाखेत कालवायचा आणि भट्टीपुढे त्याचा धूर गिळायचा, हेही उदारामच करी. घरी ऊन ऊन भाताचा घास उचलून तो बायकोला, धुरपताला, चिडवी, "तू बस घासावर फुका मारत."

पुढे त्याच्या छातीवर, धुळीत पावसाचे शिंतोडे पडावेत तसे डाग उमटले. तळहातांवर मक्याच्या दाण्यांसारख्या कडक गाठी आल्या. थोरले बंधू भैयाजी यांनी एके सकाळी त्याचे ताट उचलून गोठ्यात नेऊन ठेवले.

"महारोग आहे हा. घरात लेकरं हायेत, उदाराम."

नागरा गावच्या शालीकराम वैद्यांनी महारोगावरची पुडी दिली. ती मधात कालवताना धुरपताच्या हातून चिमूटभर तांबडी भुकटी चुलीतल्या निखाऱ्यावर सांडली, आणि घरापासून गोठ्यापर्यंत लसणाचा उग्र दर्प पसरला.

"आज तं लसूण नाई घेतला म्या," ती नाक दाबून म्हणाली. "तुमच्या अंगातल्या बंडीले रोज हाच वास येते."

गोठ्याच्या दारात बसलेला उदाराम उठून उभा राहिला. भट्टीत हरताळ सांडला की हाच वास येतो, हे त्याला कोणी सांगायला नको होते. ज्या हरताळाने हात असे झाले, तोच भाजून तांबडा करून वैद्य त्याला औषध म्हणून चाटवत होते! महारोग नव्हे, या विचाराने त्याला क्षणभर हर्ष झाला. लगेच दुसरा विचार आला: भैयाजींना हे पटावे कसे? त्याचे चित्त कोठे ठरेना. तो बसला, उठला, आणि तडक टेकचंदकडे निघाला.

टेकचंद शेजारच्या भट्टीवर काम करी, आणि अलीकडे जेवतानाही हातांची चिंधी सोडत नसे.

"हात दाखव."

"कायले?"

"दाखव म्हनतो ना गा!"

बरीच हुज्जत झाल्यावर चिंधी सुटली. त्याच गाठी, तेच डाग.

"चाल, भैयाजीले दाखवू. दोघाय जनाले एकाच वक्ती महारोग होते काय?"

टेकचंदने चिंधी पुन्हा आवळली. "माह्या पोरीची सोयरीक आमगावले होऊन राहिली. हरताळ लोकायले समजन तवा समजन. महारोगी मले आजच म्हनतीन. पाया पडतो, नाव नको घेऊ."

परतीच्या वाटेवर उदाराम पुनःपुन्हा थांबला. एक नाव उच्चारले की ताट घरात येणार होते.

भैयाजी ओसरीवरच बसले होते. सारे ऐकून घेऊन त्यांनी नेमका तोच प्रश्न केला.

"कारखान्यानं होते म्हनतोस, तं आनखी कोनाचे हात असे हायेत? एक तरी नाव सांग."

नाव जिभेवर आले होते. उदारामने ते गिळले.

"नाव नाई सांगत. उद्यापासून भट्टी सोडली. अंगावरचे डाग विरले, तं ताट घरात घ्या."

"अन् नाई विरले तं?"

"तं गोठाच माहा."

"वा रे शहाण्या! मजुरीचं काम सोडून गोठा मांगते!"

भैयाजी पुढे काही बोलण्याआधीच धुरपताने आपले ताट उचलले आणि ती गोठ्याकडे चालू लागली.

तिथे तिने दोघांना भात वाढला. उदारामचा हात सवयीने घासाकडे गेला आणि मध्येच थांबला. अंगठा तो तर्जनीवर घाशीत राहिला. बोटांना ऊन-गार काहीच कळत नव्हते.

"धुरपता," त्याने खालच्या आवाजात विचारले, "भात ऊन आहे काय?"

तिने बोट लावून पाहिले, आणि त्याच्या ताटावर फुंकर घालू लागली.