खुर्चीवरचा कोट

माणूस निवृत्त होतो, त्याची जीभ होत नाही. हेडक्लार्कांची तर नाहीच नाही. नोकरी संपून वर्षं उलटली तरी सगळी कॉलनी त्यांना हेडक्लार्कच म्हणायची, आणि तेही तोंडावर, कारण त्यांना ते आवडायचं. मुलगा आणि सून मात्र आप्पा म्हणत. रोज सकाळी गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, कमरेला पट्टा, पायात पॉलिश केलेले बूट, असा सगळा जामानिमा करून आप्पा दहाच्या ठोक्याला बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत येऊन बसत. कुठे जायचं नसे, कुणी यायचंही नसे. तरी बसत.

आणि तिथून समोरच्या दारातून त्यांना काय दिसे? अर्ध्या चड्डीतला मुलगा, जमिनीवर उताणा पडलेला, छताकडे डोळे लावून. तेही कामाच्या वेळेत!

"बघ," आप्पा स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणत, "बघ तुझा दिवटा. कंपनी पगार देते आणि हा जाळ्या मोजतो."

"जाळ्या नाहीयेत तिथे. मी कालच काढल्या," बायको आतून म्हणे.

मुलाचं काम होतं इमारतींतल्या पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढण्याचं. गच्चीवरच्या टाकीतून पाणी निघालं की कुठल्या भिंतीतून उतरेल, कुठे वळेल, कुठल्या मजल्यावर त्याचा जोर कमी पडेल, हे सगळं तो आधी पडल्या पडल्या डोक्यात चालवून बघे. पाणी खालच्या नळापर्यंत नीट पोचलं की उठे आणि एका बैठकीत नकाशा काढून मोकळा होई. त्याचा नकाशा दुरुस्तीला परत आलाय असं सहसा घडत नसे. हे आप्पांना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. चांगलं दोन-चारदा सांगितलं होतं. पण ऐकायला कान लागतात, आणि आप्पांची सगळी गुंतवणूक जिभेत होती.

आता आप्पांनी स्वतः काय दिवे लावले होते तेही सांगायला हवं. सरकारी खात्यात आवक-जावक विभाग. आलेल्या कागदावर एक शिक्का, जाणाऱ्या कागदावर दुसरा. सकाळी पोचल्या पोचल्या आप्पा अंगातला कोट काढून खुर्चीच्या पाठीवर अडकवत. कोट दिसला म्हणजे साहेब जागेवर आहेत, इथेच कुठेतरी गेलेत, असं सगळ्या मजल्याने धरून चालायचं, हा त्या खात्याचा अलिखित नियम होता. मग आप्पा समोरच्या हॉटेलात चहा घेत, पेपर वाचत, कुणाचं प्रमोशन कसं वशिल्याने झालं त्यावर तासन्‌तास बोलत, आणि संध्याकाळी कोट अंगात घालून थकून घरी येत. थकत मात्र खरेच, कारण बसचा प्रवास लांबचा होता. त्या प्रवासालाच ते आयुष्यभर काम समजत आले.

मुलाला घरून काम करायची मुभा मिळाली, तेव्हाच तो बायकोला आणि तान्ह्या मुलीला घेऊन इथे राहायला आला होता. ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. एरवी इथे राहणं परवडलंच नसतं. सून एका दवाखान्यात नर्स. ती ड्यूटीवर गेली की पोरीकडे आजी बघे, आणि आजीचे गुडघे धरले की मुलगा लॅपटॉप बंद करून पोरीला कडेवर घेई. सगळे पोरीला टिकली म्हणत. ही टिकली रांगत रांगत नेमकी आप्पांच्या चकचकीत बुटांपाशी येई, बुटात स्वतःचं तोंड बघे आणि नाडी सोडून ठेवी. आप्पा "अगं, अगं, ऑफिसचे बूट आहेत!" असं ओरडत, पण पाय हलवत नसत.

मुलाने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, "आप्पा, हे असं चालू आहे तोवरच. त्यांनी परत रोज बोलावलं तर आम्हाला तिकडेच कुठेतरी घर बघावं लागेल."

"सबबी," आप्पा म्हणाले होते. "मी नाही का रोज गेलो?"

तर त्या वर्षी मुलाच्या कंपनीत तोच वाद पेटला जो तेव्हा सगळीकडेच पेटला होता. लोकांना ऑफिसात परत आणायचं की घरूनच काम करू द्यायचं? वरच्या साहेबांचं मत होतं की लोक घरी झोपा काढतात. या साहेबाला स्वतःला पाइप आणि पन्हाळ यांतला फरक कळत नव्हता, पण माणसं डोळ्यांसमोर ओळीने बसलेली दिसली की त्याला बरं वाटे. मुलाच्या गटाने ठरवलं, आकडेच तोंडावर मारायचे. घरून किती नकाशे निघाले, ऑफिसात असताना किती निघत होते, चुका किती कमी झाल्या. हे सगळं मांडायचं काम मुलाकडे आलं. त्याने आठवडाभर खपून तयारी केली. मीटिंगच्या दिवशी चक्क कॉलरचा शर्ट घातला. खाली चड्डीच होती, पण ती दिसत नव्हती.

"आई, आज तासभर कुणी आत येऊ नका. यावर इथलं राहणं अवलंबून आहे," तो म्हणाला.

आईने मान हलवली. आप्पांनी नाक मुरडलं.

मीटिंग सुरू झाली. साहेब बोलत होता, त्याचं बोलणं संपायचं नाव घेत नव्हतं. मुलाची पाळी यायला अवकाश होता. तेवढ्यात आत टिकली पडली आणि तिने भोकाड पसरलं. मुलगा "एक मिनिट" म्हणून आत धावला. खोलीतला दिवा तसाच जळत राहिला. भर दिवसा जळणारा दिवा आप्पांना सहन होत नसे. ते खुर्चीतून उठले, खोलीत गेले, बटण बंद केलं, आणि वळून बघतात तर पडद्यावर माणसंच माणसं! सगळी त्यांच्याकडे बघत होती.

"नमस्कार," मधला गोरागोमटा माणूस म्हणाला. "आपण?"

एखाद्याने "काही नाही, चुकून आलो" म्हणून पळ काढला असता. पण किती वर्षांनी कुणीतरी साहेब आप्पांना "आपण?" विचारत होता! आप्पांनी पट्टा सारखा केला आणि मुलाच्या खुर्चीत बैठक मारली.

"मी याचा वडील. रिटायर्ड हेडक्लार्क. साहेब, लहान तोंडी मोठा घास घेतो, पण या पोरांना ऑफिसात बोलवा. आमचा हा दिवसभर जमिनीवर पडून छताकडे बघतो. मी डोळ्यांनी बघतो रोज. चड्डीवर! अहो, घर हे घर आणि ऑफिस हे ऑफिस. आमच्या वेळी आम्ही जागेवर दिसायचो."

पडद्यावर कुणीतरी कपाळावर हात मारून घेतला. साहेबाचा चेहरा मात्र असा उजळला की विचारू नका.

"बघा," तो म्हणाला, "घरातली ज्येष्ठ माणसंच सांगताहेत. मला आता आकड्यांची गरज वाटत नाही."

मुलगा टिकलीला कडेवर घेऊन दारात उभा होता. शेवटचं सगळं त्याने ऐकलं होतं. तो पुढे झाला, म्हणाला, "साहेब, माझं मांडायचं राहिलंय." साहेब म्हणाला, पुढच्या वेळी, वेळ संपली. ती वेळ ना पुढे आली, ना यायची होती. आठवड्याभरात हुकूम निघाला की सगळ्यांनी रोज ऑफिसात यायचं. खाली एक गोड वाक्य होतं, आपण सगळे एक कुटुंब आहोत. डोंबलाचं कुटुंब!

 मुलगा भांडला असता तर आप्पांना चाललं असतं, भांडणात ते कुणाला हार जाणारे नव्हते. पण तो फक्त म्हणाला, "आप्पा, तुम्ही दिवा बंद केलात ते बरं केलंत." आणि चड्डी घडी करून कपाटात ठेवली.

पहिल्या दिवशी आप्पांचा काय तो थाट! पहाटे उठून त्यांनी मुलाच्या शर्टाला स्वतः इस्त्री केली, आपली जुनी चामड्याची बॅग पुसून त्याच्या हातात दिली, आणि लढाईवर चालल्यासारखं त्याला दारापर्यंत पोचवलं. "घाम गाळल्याशिवाय पगार गोड लागत नाही," असंही वर सुनावलं. मुलाने बॅग घेतली, बसस्टॉपच्या दिशेने गेला.

संध्याकाळी, म्हणजे रात्रच झाली होती, तो आला तेव्हा टिकली झोपली होती. आप्पा जेवायचे थांबले होते.

"काय? कसं वाटलं? माणसांत बसल्याचा फरक पडतो की नाही?"

"माणसांत कुठे आप्पा. सगळे कानात बोंडं घालून बसतात. शेजारच्याशी बोलायचं तरी पडद्यावरून. आणि आडवं पडायला जागा नाही, त्यामुळे आज एकही पाइप काढून झाला नाही."

"आणि साहेब? साहेब खूश असतील."

"साहेब भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर असतात. ते घरून काम करतात."

बायको पोळी वाढता वाढता थांबली आणि फस्सकन हसली. "म्हणजे उंटावरून शेळ्या!" आप्पा ताटात बघत राहिले. त्या रात्री त्यांनी कोशिंबीर मागितली नाही.

मग ते तसंच सुरू राहिलं. पोरगी उठायच्या आत बाप बाहेर, पोरगी झोपल्यावर बाप घरात. दिवसभर ऑफिसात हजेरी लावायची, आणि खरं काम रविवारी घरी जमिनीवर पडून करायचं. रविवारी टिकली त्याच्या पोटावर बसायला जाई, तो म्हणे, "थांब बाळा, पाणी तिसऱ्या मजल्यावर आहे." एकदा त्याच्या नकाशात चूक निघाली, पहिलीच. साहेबाने पडद्यावरून सगळ्यांसमोर झापलं. गटातली माणसं त्याच्याशी आधीच तुटक वागत होती. त्याला पाठीमागे "हेडक्लार्कांचा मुलगा" म्हणत, आणि एक बाळंतीण तर नोकरी सोडताना तोंडावर म्हणून गेली, "तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा."

हे सगळं सुनेने सासूला सांगितलं, सासूने आप्पांना. आप्पा म्हणाले, "सवय होईल." पण बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही.

सवय झाली नाही. एका रविवारी मुलगा समोर येऊन बसला आणि म्हणाला, "ऑफिसजवळ दोन खोल्या मिळाल्यात. एक तारखेला जातो आम्ही."

आता तरी माणसाने म्हणावं, नका जाऊ, माझं चुकलं. नाव नको! आप्पा ताठ बसले आणि म्हणाले, "योग्यच आहे. ऑफिसच्या जवळ राहणं कधीही चांगलं. वेळेवर पोचता येतं."

बायकोने हातातलं फडकं टेबलावर आपटलं आणि आत निघून गेली.

टेम्पो आला, पाळणा गेला, लॅपटॉप गेला. चामड्याची बॅग तेवढी खुंटीवर राहिली. विसरली असेल, असं आप्पा म्हणाले. बायको म्हणाली, "तो विसरणाऱ्यातला नाही."

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला आप्पा बूट-पट्टा घालून खुर्चीत येऊन बसले. समोर उघडं दार आणि रिकामी जमीन. नाडी कुणी सोडली नाही. थोड्या वेळाने ते उगाचच म्हणाले, "गेल्या गेल्या फोन करायला काय झालं होतं याला? बापाची काही काळजी?"

बायको दारात उभी राहिली. इतकी वर्षं जे पोटात होतं ते तिने आज बाहेर काढलं.

"काळजी? सगळा जन्म तुम्ही त्या ऑफिसात होतात म्हणता. माझ्या भावाची तिथे बदली झाली होती, विसरलात? त्याने मला तेव्हाच सांगितलं होतं. तुमचा कोट होता ऑफिसात. तुम्ही हॉटेलात होतात. मी कधी बोलले नाही. आणि जो पोरगा घरात राहून काम करत होता, पोर सांभाळत होता, माझ्या गुडघ्यांना तेल लावत होता, त्याला तुम्ही आळशी ठरवलंत. जगासमोर!"

आप्पांनी तोंड उघडलं. पण जीभ, जिने आयुष्यात कधी सुट्टी घेतली नव्हती, ती नेमकी त्या दिवशी गैरहजर होती.

रविवारी सकाळी दहाला मुलगा व्हिडिओवर बोलेल असं सुनेने कळवलं. आप्पा नऊपासून तयार. दाढी, इस्त्री, बूट. बायकोने मोबाईल डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर मुलगा आला, मांडीवर टिकली. मुलाच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. टिकली पडद्याला हात लावू बघत होती.

बायको काही बोलायच्या आतच आप्पा सुरू झाले. बूट पडद्यात दिसत नव्हते, तरी पाय जुळवून बसले होते.

"हे बघ, मी त्या दिवशी बोलायला नको होतं. मला तुझ्या कामातलं काही कळत नाही. मला माझ्याही कामातलं फारसं कळत नव्हतं. तू परत ये. जमिनीवर पड, छताकडे बघ, काय वाटेल ते कर. पोरीला घेऊन ये. घर खायला उठतं रे."

एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले. पडद्यावर मुलगा कपाळाला आठ्या घालून पुढे वाकला होता.

"आप्पा, काही ऐकू येत नाहीये. तुमचं तोंड हलतंय नुसतं. आवाज बंद आहे तुमचा."

बायकोने सगळं ऐकलं होतं. तिच्याही डोळ्यांना धार लागली होती. तिने पुढे होऊन बोटाने आवाज चालू केला आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बोला. आत्ता बोललात तेच बोला. तस्संच."

मुलगा वाट बघत होता. टिकली "आबू, आबू" करत होती. आप्पांनी घसा खाकरला, पट्टा सारखा केला.

"काही नाही," ते म्हणाले. "ऑफिसला वेळेवर पोचतोस ना?"

मुलाने टिकलीचा हात पडद्यावरून बाजूला घेतला.

"पोचतो, आप्पा," तो म्हणाला. "बरं, ठेवतो. काम राहिलंय."

पडदा काळा झाला. बायकोने खांद्यावरचा हात काढून घेतला, मोबाईल उचलला आणि आत गेली. आप्पा बूट घालून तिथेच बसून राहिले.