जाळाले ठेवलेल्या झोपड्या

माहा दोस्त सकलैन धाड गाव सोडून खामगावले गेला, त्या वर्षी कपाशीत गुलाबी अळी पडली होती. त्याचा अब्बा बाजारात बांगड्या विके. कपाशीच गेली तर बायांच्या हातात नव्या बांगड्या कुठून येतीन? मंग अब्बा खामगावच्या तेल मिलवर लागला अन् बिऱ्हाड बी तिकडंच नेलं. मी तवा नववी सोडून घरी होतो. मास्तरसंगं भांडण झालं होतं, ते जाऊ द्या.

जायच्या आधी आमी दोघांनी मोबाईलमधल्या ठोकळ्यांच्या गेममंदी धाडचा बाजार बांधला होता. हुबेहूब. वांगेवालीचं कापडी पाल, भज्याची गाडी, एसटी थांबते तिथला तिरपा खांब, अन् मधात सकलैनच्या अब्बाचं बांगड्यांचं दुकान. त्याच्या रंगीत काचा बनवाले गेममंदी वाळू खणून खणून बेजार झालो होतो. तो गेल्यावर आमची भेट तिथंच होये. संध्याकाळी तो दुकानात बसे, मी समोर उभा राहो, अन् लिहून लिहून बोलणं चाले.

"काय चाललं बे?"

"बसलो. गिऱ्हाईक नाही."

"तुह्या थोबाडाकडं पाहून कोण येईन?"

इतलंच. पण त्याच्यावर माहा दिवस निघे.

मंग तो किंग आला. नावच किंग, फुडं काहीतरी आकडे. कोण, कुठचा, काई पत्ता नाही. आमी नसताना आला अन् साऱ्या पालांले आग लावून गेला. आमी पुन्हा बांधली, त्यानं पुन्हा जाळली. मी त्याले हाकललं तर नवं नाव घेऊन आला. मी अशा शिव्या देल्या का गेमनं मलेच दोन दिवस बोलाची बंदी केली.

बाजार ज्या सर्व्हरवर होता तो फुकटचा होता, अन् त्यात कोणाले येऊ द्याचं ते माह्या हातात होतं. मी सकलैनले फोन लावला. "आता कुलूप लावतो. आपल्या नावाशिवाय कोणीच आत नाही."

"मंग मी कसा येऊ? आज अब्बाचा फोन, उद्या मामूचा, परवा फातिमा आपाचा. ज्याचा फोन त्याचं नाव. कोणाकोणाले सोडशीन?"

खरंच होतं. किंगले बंद केलं का सकलैन बी बंद.

त्याच आठवड्यात बांगड्यांचं दुकान जळलं. सकलैननं जळक्या ठोकळ्यांत उभं राहून लिहिलं, "इंद्या, आता अजून जळलं तर मी नाही येत. अब्बाचं दुकान घडीघडी जळताना पाहवत नाही."

तो चिडला असता तर बरं होतं. चिडणं मले समजते.

दुसऱ्या दिवशी बा गोठ्यात बियाण्याच्या रिकाम्या थैल्या झटकून राह्यला होता. त्यातून एक लहान पाकीट पडलं.

"हे काऊन नाही लावलं?" म्या इचारलं.

"साध्या कपाशीचं हाये ते. अळीच खाते ते."

"मंग बीटी कपाशीच्या थैलीत देते कायले?"

"अळीनं खावं म्हणूनच देते. वावराच्या चौफेर लावा म्हणते. तिले तिचं राह्यलं तर ती आपल्या कपाशीवर शिरजोर होत नाही म्हणते." बा हसला. "कोण लावते बे? अळीसाठी कोणी जागा सोडते काय?" अन् पाकीट उकिरड्यावर फेकलं.

मी तसाच घरात पळालो. गेममंदी बाजाराबाहेर, रस्त्याच्या कडंनं, गवताच्या झोपड्या उभ्या केल्या. पेटीत चकमक ठेवली. पाटी लावली: हे जाळ.

किंग आला. पाटीफुडं उभा राह्यला. मंग साऱ्या झोपड्या फुकल्या अन् निघून गेला. बाजाराले हात नाही लावला.

मी लय खूश. पण पुढच्या खेपेले तो नदीकडून आला. आमच्या गावात ज्यानं कोणी ते पाकीट लावलं, त्यानं रस्त्याकडूनच एक ओळ लावली, पाहणीवाल्या साहेबाले दिसाले. म्या बी तसंच केलं होतं, झोपड्या रस्त्याकडूनच होत्या. किंगनं भज्याची गाडी जाळली, दुकानाची एक भिंत जाळली. बाकीचं मी पाणी टाकून इझवलं. सकलैन आला, भिंत पाह्यली, अन् लगेच गेममधून बाहेर पडला.

मंग मी चौफेर झोपड्या केल्या. नदीकडून, मसणवट्याकडून, साऱ्या बाजूनं. सकलैनले रोज फोन लावो. तिकडून त्याची अम्मी म्हणे, "बाहर गया बेटा."

एका संध्याकाळी फातिमा आपाच्या नावानं कोणीतरी आत आलं. दुकानाकडं पाह्यलं. भिंत बांधून झाली होती. मंग सरळ नदीकाठी गेलं अन् एक झोपडी पेटवून देल्ली.

"लय मजा येते बे," सकलैननं लिहिलं.

त्या हिवाळ्यात आमी बांधो अन् तिघं मिळून जाळो. किंगनं तर एकदा लिहिलं, "झोपड्या संपल्या, बांधा."

"तुह्या बापाचे नोकर हाओत काय?" मी लिहिलं. अन् बांधाले बसलो.

बाजार पुन्हा जळला नाही. पण सकलैन कामाले लागला, किंगबी येईनासा झाला. मी अजून जातो. दुकानात बसतो. बाहेर साऱ्या झोपड्या कोऱ्या करकरीत उभ्या असते, अन् ते पाहून कसंतरीच होते.

परवा सकलैनचा फोन आला. तो आता जिनिंगात कापसाच्या गठाणी बांधते.

"बाजार हाये का बे?"

"हाये."

"सारा?"

"सारा. तुह्यं दुकान बी."

मागं मशीन घरघर करून राह्यली होती.

"मंग सुटीच्या दिवशी येतो," तो म्हणे. "अब्बाले संगं बसवतो. त्याले दाखवाचंच राह्यलं."