नॉर्मनची काळी हिरवळ

आमच्या गल्लीत माणसाची किंमत त्याच्या हिरवळीवरून ठरते. कोळशाची खाण बंद पडली, पण ही खाज काही गेली नाही. एरवी मालकलोकांना शिव्या घालणारे आम्ही. अंगण मात्र मालकाच्या बंगल्यासारखंच हवं!

शेजारच्या नॉर्मन ऑलरॉइडने तर कहर केला. शनिवारी त्याच्या लेकीच्या, लिंडसेच्या, लग्नाचा चहा घरच्या हिरवळीवर होता. नवऱ्याचा बाप जाइल्स दक्षिणेतल्या श्रीमंत सरे परगण्यातला, टेनिस खेळता येईल एवढं अंगण बाळगणारा. त्याच्यापुढे नाक कापलं जाऊ नये म्हणून नॉर्मन गुडघे टेकून, जुन्या सुरीने पिवळ्या फुलांचं तण मुळासकट उपटत होता.

"देवापुढे इतका वाकला असतास तर एव्हाना पावला असता," बायको एनिड दारातून म्हणाली.

"देव सरेहून येत नाहीये."

मग त्याने शेवाळ मारायला हिराकस टाकला. पुड्यावरचं प्रमाण भित्र्यांसाठी असतं, हे आमचं जुनं शास्त्र. त्याने दुप्पट टाकला.

मी कुंपणावरून विचारलं, "अरे, शेवाळ आहे तरी किती?"

"असेल कोपऱ्यात जरासं. बाकी सगळं गवत."

शुक्रवारी सकाळी अंगण काळंठिक्कर! हिराकसाने शेवाळ काळं पडतं, गवत तगतं. तगलेलं गवत एका टोपलीत मावलं असतं. इतकी वर्षं हा ज्या मऊपणाची फुशारकी मारत होता, ते निव्वळ शेवाळ होतं.

"तुझा बाप खाणीत उतरून काळा व्हायचा," एनिड म्हणाली. "तू घरबसल्या अंगण काळं केलंस. प्रगती आहे हो."

"दाताळ्याने ओरबाडून काढतो."

"आणि खाली चिखल? पोरीचे बूट पांढरे आहेत."

नॉर्मन पायरीवर बसला. "म्हणतील, शेवटी कोळसेवाल्याचीच पोर."

एनिड त्याच्या शेजारी येऊन बसली. मला संताप आला. सरेवाल्यांचा नव्हे, आमचाच. पोर उजवताना आमची मान खाली का जावी?

शनिवारी जाइल्स आला. अंगणाच्या कडेशी थबकला. नॉर्मन कानापर्यंत लाल. जाइल्सने कप बायकोच्या हातात दिला, लग्नाच्या करड्या पाटलोणीनिशी गुडघे टेकले आणि ती काळी लव बोटांनी चोळली.

"हिराकस?"

"हो."

"दुप्पट?"

"...हो."

"मी तिप्पट टाकला होता. आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला."

"आणि पाहुण्यांना सांगितलं, आग लागली होती!" त्याची बायको फिसकन हसली.

नॉर्मनही शेजारी टेकला. "गवत किती उरलं होतं तुमचं?"

"खरं सांगू? मुळात नव्हतंच."

"बाबा, फोटो!" लिंडसे ओरडली.

"थांब गं पोरी, कामात आहोत."

फोटोवाला थांबला नाही. एनिडच्या भिंतीवर लग्नाचा तो एकच फोटो आहे: मधे नवरी, आणि दोन्ही बाजूंना दोन बापांची बुडं.