सहा जाणकार आणि कुबडीचा बूट

मी एक बूट. पायातला नव्हे, कुबडीचा. कुबडीच्या टोकाला काळं रबर असतं ना, तोच मी. लोक मला बूच म्हणतात. म्हणू देत. लोक स्वतःला जाणकार म्हणवून घेतात, तेही मी ऐकून घेतलंय.

माझा जन्म एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाला. दुसऱ्या वर्षाच्या एका पोरीने दोन डब्यांतलं पातळ रबर एकत्र ढवळलं, लोखंडी वाटीत ओतलं आणि दुसऱ्या दिवशी मला उपटून काढलं. तळ सपाट. तळाच्या मधोमध तिने बारीक नक्षी कोरली, ओल्या फरशीवरचं पाणी तिच्यातून निघून जावं म्हणून. नक्षी बघून मलाही वाटलं, आपण कोणीतरी आहोत. नवीन असताना सगळ्यांनाच वाटतं.

हा सगळा खटाटोप आत्यासाठी. पोरीची आत्या अकरा वर्षं कुबडीवर चालते. मी जन्मायच्या दोन महिने आधी ती न्हाणीघरात घसरली आणि तिचं मनगट मोडलं. तेव्हापासून घरात नवा नियम झाला. आत्याने दार उघडं ठेवून आंघोळ करायची आणि वहिनीने, म्हणजे पोरीच्या आईने, समोर उभं राहायचं. आणि आत्या म्हणजे टपाल कार्यालयात तीस माणसांना धाकात ठेवलेली बाई.

पोरीचे बाबा त्याच्याही पुढे गेले. त्यांनी कुठल्याशा संस्थेचा कागद आणला. "ताई, तिथे चोवीस तास माणूस असतं. महिनाअखेरीस जाऊन बघून येऊ."

बघून येऊ म्हणजे ठेवून येऊ, हे घरात सगळ्यांना कळलं.

"मला माणूस नकोय रे," आत्या म्हणाली. "मला कडी लावायचीय."

बाबांनी ते ऐकलं नाही. ते काळजी मोठ्या आवाजात करतात, त्यामुळे त्यांना दुसऱ्याचं ऐकू येत नाही.

कॉलेजात उद्योजकता शिकवणारे एक सर होते. त्यांनी स्वतः जन्मात टाचणी विकलेली नव्हती, पण धंदा कल्पनेवर नाही, ओळखींवर चालतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा नियम असा: धंद्यातल्या सहा जाणकारांना भेटा, प्रत्येकाची वहीत सही आणा. सहा सह्या झाल्या की कल्पना स्पर्धेला जाणार, आणि तिथे निवडली गेली तर कारखान्याचा साचा करून मिळणार. पोरीने वही काखोटीला मारली, मला खिशात टाकलं आणि निघाली.

पहिले जाणकार म्हणजे रबराच्या धंद्यात चाळीस वर्षं काढलेले निवृत्त साहेब. काढली होती ती खुर्चीत. त्यांनी मला टेबलावर उभं ठेवलं, वरून अंगठ्याने दाबलं आणि म्हणाले, "पकड आहे." मग तासभर स्वतःबद्दल बोलले. निघताना एका कारखानदाराचा पत्ता दिला. "माझं नाव सांग."

कारखानदार बूट-चपला बनवायचे. पोरीने नाव सांगितलं. "अच्छा, आहेत का ते अजून?" असं म्हणून त्यांनीही मला टेबलावर ठेवलं आणि अंगठा दाबला. "काळा नको. गुलाबी कर. तरुणांना आवडेल."

"पण हा माझ्या आत्यासाठी..."

"आत्या म्हणजे बाजारपेठ नव्हे, बाळ."

तिसरे नव्या धंद्यांत पैसे घालणारे. त्यांनी विचारलं, "याचं ॲप आहे का?"

"बुटाचं?"

"माणूस घसरला की घरच्यांच्या फोनवर मेसेज गेला पाहिजे."

"पण घसरूच नये म्हणून तर हा बूट आहे."

"तुला मोठा विचार करता येत नाही," ते म्हणाले आणि सही केली.

चौथ्यांनी पाचव्यांकडे पाठवलं. पाचवे म्हणाले, "तू खरं तर रबरातल्या त्या निवृत्त साहेबांना भेट. माझं नाव सांग." पाचही जणांनी मला हातात धरून फोटो काढून घेतले. पाच टेबलं, पाच अंगठे. पाणी होतं, पण ते बाटलीत.

आता थोरांना बोललो तसं पोरीलाही बोलतो, कारण तीही काही शहाणी नव्हती. साहेबांचा शब्दन् शब्द तिने टिपून घेतला. जिची कुबडी ती बाई पलीकडच्या खोलीत बसलेली, तिथे मात्र मला एकदाही नेलं नाही. आत्या म्हणजे अडचण आणि उत्तर साहेबांकडे, हे तिच्या डोक्यात कॉलेजने भरलं की घराने, देव जाणे.

सहाव्या साहेबांनी ऐनवेळी टांग मारली. चार दिवस उरले होते. तेव्हा पोरीला आठवला साचेवाला. मला ज्या लोखंडी वाटीत ओतलं होतं, ती त्याने लेथवर कातून दिली होती. अंधारा गाळा, तेलाचा वास, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेला माणूस.

"काका, फक्त एक सही पाहिजे."

"कशाखाली?"

"तुम्ही मला मार्गदर्शन केलंत म्हणून."

"केलं का?"

"नाही."

"मग?"

पोरीने वही मिटली. त्याने मला टेबलावर ठेवलं नाही. उलटा केला, नक्षीवरून नख फिरवलं. "चालून बघितलं का तिने?"

"कोणी?"

"जिच्यासाठी केलायस तिने. तिचे जुने, झिजलेले बूट असतील तर आण. नवा बूट खोटं बोलतो."

मला राग आला. पण मी नवा होतो, काय बोलणार.

त्याच संध्याकाळी पोरगी आत्यापुढे उभी राहिली. "आत्या, तुझ्या कुबडीचे जुने बूट आहेत?"

आत्याने चष्म्यावरून पाहिलं. "पाच साहेब झाले वाटतं. लागला का आता माझा नंबर?" आणि पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला. आत सात बूट. "टाकवत नाहीत, बये. एवढं चालले, त्याचा काही पुरावा नको?"

मी त्या सातांकडे पाहिलं. सगळ्यांचा तळ मधोमध जवळजवळ नव्यासारखा, आणि एका बाजूचा काठ तासल्यासारखा झिजलेला. माझी नक्षी मधोमध होती. काय ते कळलं.

साचेवाल्याने सातही ओळीने मांडले. "कुबडी उभी कोण टेकतं? चालताना ती तिरकी पडते. आधी लागतो काठ, आणि घसरते तीही काठावरच. तुझी नक्षी जमिनीला शिवतसुद्धा नाही."

"पण पाच जणांनी बघितला हा."

"बघितला ना. चालताना टेकून बघितला का?"

मग त्याने माझा काठ चौफेर गोलसर तासला आणि काठावर ब्लेडने केसाएवढ्या चिरा पाडल्या, पाण्याला पळायला वाट म्हणून. दुखलं. गुलाबी कर म्हणाले तेव्हा जास्त दुखलं होतं.

"आता सही?" पोरीने विचारलं.

"ओल्या फरशीवर टेकून बघ. धरला तर ये."

या तासण्या-चिरण्यात स्पर्धेची तारीख निघून गेली. सर कडाडले, "एका सहीसाठी अडलीस? कोणाचीही आणायची!"

महिनाअखेरचा रविवार आला. बाबांनी संस्थेत जायला गाडी सांगून ठेवलेली. पोरीने मला कुबडीला चढवलं आणि न्हाणीघराच्या फरशीवर साबणाचं पाणी ओतलं.

"वेड लागलंय का तुला?" बाबा ओरडले.

"ओरडू नकोस. मला तोल सांभाळायचाय," आत्या म्हणाली आणि तिने मला फरशीवर टेकवलं. पोरगी मागे हात पसरून उभी.

मी बोटभर सरकलो. खोटं कशाला सांगू, सरकलो. पोरगी आत्याला धरायला पुढे झाली. मग चिरांनी फरशी धरली. दुसरं पाऊल, तिसरं. आत्या पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली आणि वळली. वळतानाच तर मनगट मोडलं होतं. वळून परत आली.

"वहिनी, तू जा चहा टाक. बये, तूही नीघ." आणि आत्याने आतून कडी लावली.

बाहेरून बाबा, "ताई, ठीक आहेस ना?"

"नाही, बुडाले!"

पाच मिनिटांनी पुन्हा, "ताई?"

"अजून बुडतेय, जा तू!"

गाडी बाबांनीच परत पाठवली. चुकलं असं काही ते म्हणाले नाहीत. मोठी माणसं तसं म्हणत नाहीत, विषय बदलतात. आत्या बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "पाणी गरम होतं ना?"

या गोष्टीला चार महिने झाले. साचेवाल्याने सही केली, पण वहीत नाही. नव्या साच्याच्या नकाशावर केली. पोरगी रोज दुपारी त्याच्या गाळ्यावर असते. कॉलेजला जाते का, हे मला विचारू नका, मी तिच्या बाजूचा आहे. आठवड्यातून एकदा ती आणि आत्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून कुबडीवाल्यांचे जुने बूट उलटे करून बघतात. प्रश्न आत्या विचारते. टपालातला आवाज अजून शाबूत आहे.

माझा काठ पातळ झालाय, चिरा बुजत चालल्यात. दोन-तीन आठवडे निघतील. तुम्हा थोरामोठ्यांना जाता जाता एकच सांगतो. उद्या कोणी पोर अशी वस्तू घेऊन तुमच्या दारात आली, तर तिला तुमचं नाव देऊ नका. फरशी ओली करून द्या.

बोलायचं अजून पुष्कळ आहे, पण आत्या टॉवेल घेऊन निघालीय. मला जायला हवं. तुम्ही बाहेरच थांबा.