उभा यजमान

स्पासेनियाचा डॉक्टरवर विश्वास नव्हता. तसा तो फारसा कुणावरच नव्हता. वाण्याच्या काट्यावर नव्हता, रेडिओवरच्या हवामानावर नव्हता, आणि नवरा विदोसाव 'एकच घोट घेतला' म्हणाला तर त्यावर मुळीच नव्हता. पण डॉक्टर तेओफिलोविचवरचा राग वेगळा होता. त्याने तिच्या नवऱ्याच्या काळजात ड्रिल घातलं होतं.

निदान तो तसं म्हणाला होता. हृदयाच्या नळीत चुन्यासारखा कडक थर साचला होता, फुगा आत शिरेना, म्हणून मनगटातून बारीक तार घातली, तिच्यावरून हिऱ्याची कणी लावलेलं टोक फिरवून तो थर घासून काढला आणि स्टेंट बसवला. विदोसाव शहरातून मोरावा नदीकाठच्या आपल्या गावी परतला तेव्हा मनगटावर डास चावल्याएवढा डाग होता. अंगणात बोअर मारली तेव्हा आठवडाभर चिखल उडत होता, आणि इथे काळजात यंत्र फिरवलं तर एवढंच? तिच्या मनात पाल चुकचुकली.

त्यातून घरी सोडताना डॉक्टरने तिला बाजूला घेतलं. विदोसावसारख्या मधुमेह असलेल्यांची नळी साफ केली तरी पुन्हा बुजण्याचा धोका जास्त असतो, म्हणाला. शिवाय साखरेने नसा बोथट होतात, त्यामुळे छातीत कळ येईलच असं नाही. धाप लागेल, घाम फुटेल, नाहीतर नुसता थकवा येईल. "ते जे कधीच सोडत नाहीत, ते एकाएकी जमेनासं झालं, तर दुखतंय का म्हणून विचारत बसू नका. सरळ घेऊन या."

शेजारच्या खाटेवरच्या क्रस्मानला त्याच दिवशी, त्याच यंत्राने घासलं होतं. त्याला फक्त सिगारेट सोडायला सांगितलं. एकाला एक आणि दुसऱ्याला एक, हे का? क्रस्मानला साखर नाही, हे तिला ठाऊक होतं. पण तिला ते पटवून घ्यायचं नव्हतं.

"आमचं काम बिघडवलंय त्याने," ती दिराला, ओब्रेनला म्हणाली. "म्हणून आत्तापासून साखरेवर ढकलतोय. पळवाट काढून ठेवलीय."

"वहिनी, तू वर गेलीस की देवाकडेही पावती मागशील," ओब्रेन म्हणाला.

उन्हाळा गेला. क्रस्मानचा अधूनमधून फोन यायचा. आज लाकडं फोडली, आज डुकरांसाठी खोपटं बांधलं. विदोसाव मात्र जेवला की पेंगायला लागायचा. स्पासेनियाने आधी संशय घेतला गोळ्यांवर, आणि गिळल्यावर त्याला जीभ बाहेर काढायला लावू लागली. मग संशय घेतला आलुबुखाऱ्याच्या मुरांब्यावर. रात्री बरण्यांच्या झाकणांना दोरा गुंडाळून ठेवला. सकाळी दोरे जागच्या जागी. तिची जरा निराशाच झाली.

मग नोव्हेंबरात मित्रोवदान आला, त्यांच्या घराच्या संताचा दिवस, त्यांची स्लावा. उंच मेणबत्ती लागली, पाव कापला, दारातच प्रत्येकाला अक्रोड-साखर घातलेल्या शिजवलेल्या गव्हाचा चमचा मिळाला. या दिवशी यजमान बसत नाही. पाहुणे बसतात, तो उभ्याने वाढतो, ओततो, पहिला आला तेव्हापासून शेवटचा जाईपर्यंत. विदोसावच्या बापाने हे पाळलं, आजाने पाळलं. घोटा मोडला त्या वर्षी विदोसाव कुबडी काखेत घेऊन उभा राहिला होता आणि कुणी खुर्ची पुढे केली तर चिडला होता.

स्पासेनिया कोबीच्या पानात खिमा गुंडाळलेल्या सार्म्याचं भांडं घेऊन स्वयंपाकघरातून आली, तर हास्याचा कल्लोळ उठलेला. विदोसाव बाकाच्या टोकाला बसला होता.

"यजमानच पाहुणा झाला," कुणीतरी म्हणालं.

"दादा, ऊठ. संत बघतोय," ओब्रेनने त्याचा खांदा हलवला. विदोसाव हसला, पण उठला नाही.

तिने भांडं टेबलावर टेकवलं आणि सवयीने सगळे संशय एकेक करून तपासले. त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. राकिया दारूचा वास नव्हता. बोटाला सुई टोचून साखर पाहिली. नेहमीएवढीच. सदरा मात्र पाठीला ओला चिकटला होता, आणि खिडक्या उघड्या होत्या.

"कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही गं. आईशप्पथ, कुठेच नाही. जरा टेकलो."

तीस वर्षांच्या संसारात तिचा पहिल्यांदाच त्याच्यावर विश्वास बसला, आणि डॉक्टरचे शब्द आठवले.

तिने अँब्युलन्सला फोन लावला. ओब्रेन म्हणाला, वहिनी, पाहुण्यांसमोर शोभा नको, दमलाय बिचारा, मेणबत्ती विझू दे तरी. ती म्हणाली, "भावजी, त्याच्या जागी तुम्ही उभे राहा. आणि बसाल तर याद राखा."

रुग्णालयात डॉक्टर तेओफिलोविच बाहेर आला तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. समोर बाक रिकामा होता. घासून काढलेली नळी स्टेंटच्या आतच पुन्हा अरुंद झाली होती, तो म्हणाला. सध्या उघडली आहे. पण बाकीच्या नळ्याही चांगल्या नाहीत, पुढे मोठी शस्त्रक्रिया करावी लागेल. अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

"छातीत दुखत होतं?"

"नाही."

"मग तुम्हाला कळलं कसं?"

"आज आमची स्लावा," स्पासेनिया म्हणाली. "तो बसला."

डॉक्टरने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्याच्याही घराण्याचा एक संत होता, त्याचीही स्लावा होती. मग तो सांगू लागला, की मधुमेहात शस्त्रक्रियेनंतरही जखम भरायला वेळ लागतो, आणि मध्येच थांबला. मागच्या वेळी हेच ऐकताना तिचा संशयी चेहरा कसा झाला होता, ते त्याला आठवलं असावं.

"थांबू नका," ती म्हणाली. "मागच्या वेळी मी ऐकलं नाही. आता वाईट ते आधी सांगा."