एकतीस फुटांचा चढ मोजणारी नळी

रूपर्ट मिस्त्रींच्या मुलीचा, एव्हलिनचा, बाप्तिस्मा झाला त्या वर्षी, म्हणजे १९८७ साली, मी त्यांच्या घरी आले. एव्हलिन माझ्याहून अडीच महिन्यांनी मोठी आहे. मी लेव्हलची नळी. चाळीस फूट लांब, साध्या पारदर्शक प्लॅस्टिकची, आता पिवळी पडलेली.

मित्रांनो, माझं काम सांगायला सोपं आहे. माझ्यात पाणी भरतात. एक माणूस माझं एक टोक धरतो, दुसरा दुसरं. दोन्ही टोकांतलं पाणी स्थिर झालं की ते एकाच उंचीवर असतं. मध्ये भिंत असो, खड्डा असो नाहीतर जिना, फरक पडत नाही. मिस्त्री पाण्यात कपड्यांची नीळ टाकायचे, म्हणजे उन्हातही रेघ दिसते. परळ, नायगाव, करी रोड इथल्या कितीतरी घरांच्या लाद्या माझ्या रेघेवर बसल्या आहेत. "रूपर्टची लादी आहे, गोटी ठेवून बघ, जागची हलणार नाही," असं ठेकेदार म्हणायचे. ते ऐकून मला बरं वाटायचं.

मिस्त्री लिहायला-वाचायला पन्नाशीनंतर शिकले. एव्हलिन चौथीत होती. ती आपलं मराठीचं पुस्तक उघडून वडिलांना मी टांगलेली असायचे त्या खिळ्याखाली बसवायची आणि चुकलं की पट्टी दाखवायची. वरून बघता बघता मलाही अक्षरं आली. उशिरा आली, म्हणून जपून वापरते.

पुढे लाल उजेडाची यंत्रं आली. एका माणसाचं काम, दोन मिनिटांत लेव्हल. मी खिळ्यावरच राहिले. आत काळपट शेवाळ धरलं. एकदा कॅथरीनबाईंनी, मिस्त्रींच्या बायकोने, माझी कपड्यांची दोरी करायचं ठरवलं. मिस्त्री एवढंच म्हणाले, "तिला हात लावू नकोस." राग मला आला होता. तो अजून आहे.

आमची डिमेलो चाळ टेकडीच्या पायथ्याशी आहे. भोईवाड्याच्या बाजूला टेकडीचा एक तुकडा अजून उभा आहे, त्याला टेकून. सव्वीस बिऱ्हाडं, सगळ्यांची स्वयंपाकघरं टेकडीकडे. २०२३ च्या ऑक्टोबरात वरच्या जागेच्या फाटकावर पाटी लागली. तिथे मोठी इमारत बांधायचा अर्ज झाला होता. हरकत असेल त्याने महिन्याभरात लेखी कळवायची होती. मिस्त्रींनी पाटी स्वतः वाचली, बोट फिरवत, दोनदा.

एव्हलिन आता दादरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. तिने अर्जाची नक्कल मिळवली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. शेजारच्या आनंदीबाईही आल्या. त्या तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून होत्या.

"पप्पा, डोंगरउतारावर बांधायचं तर नुसता इमारतीचा नकाशा चालत नाही," एव्हलिन म्हणाली. "जमीन कुठे किती उंच, त्या रेषा दाखवाव्या लागतात. उभा छेद लागतो, म्हणजे टेकडी वरून खाली कापली तर कशी दिसेल ते चित्र. उतार जास्त असेल तर भूवैज्ञानिकाचा अहवाल, पाणी कुठून वाहून जाणार ते, आणि माती धरून ठेवणारी भिंत. नाहीतर अर्ज पुढे सरकत नाही."

"मग यांनी काय दाखवलंय?"

"यातलं काही नाही. आपल्या भिंतीपासून वरच्या फाटकापर्यंत चढ फक्त अठरा फूट लिहिलाय. म्हणजे सौम्य उतार. म्हणून काही लागत नाही."

"अठरा?" आनंदीबाई म्हणाल्या. "रोज देवळात जायला मी तो चढ चढते. माझे गुडघे तरी अठरा म्हणणार नाहीत."

"गुडघ्यांची सही चालत नाही, बाई," मिस्त्री म्हणाले आणि खिळ्याकडे आले.

त्यांनी मला मिठाच्या पाण्याने धुतलं, नीळ घातली. टेकडी चढणाऱ्या पायऱ्यांच्या कडेने टप्प्याटप्प्याने मोजायचं होतं. खालचं टोक आनंदीबाईंच्या हातात, वरचं मिस्त्रींच्या. प्रत्येक टप्प्याला किती चढलो ते एव्हलिन लिहीत होती. बेरीज पस्तीस फूट आली. आनंदीबाईंनी त्याच दिवशी हरकतीचा अर्ज लिहून देऊनही टाकला. इतका सुबक अर्ज मी आजवर पाहिला नाही.

पण मिस्त्रींची सवय दोनदा मोजायची. पुढच्या रविवारी एव्हलिनला खाली उभं करून त्यांनी पुन्हा मोजलं. एकतीस आले. तिसऱ्यांदाही एकतीस. मग त्यांनी आनंदीबाईंना बोलावलं.

"बाई, त्या दिवशी नळीचं तोंड कसं धरलं होतं?"

"असं." आनंदीबाईंनी अंगठा माझ्या तोंडावर दाबून दाखवला. "पाणी सांडत होतं. इस्त्रीची साडी होती माझी!"

तोंड बंद केलं की मला श्वास घेता येत नाही आणि पाणी आपल्या जागी बसत नाही. शिकाऊ गवंडी पहिल्या दिवशी ही चूक करतो आणि शिव्या खातो. मिस्त्री बाईंना शिव्या देऊ शकत नव्हते, म्हणून ते जिन्यावर बसून राहिले.

"राहू दे की पस्तीस," बाई हळूच म्हणाल्या. "जास्त आहे ते आपल्या फायद्याचंच आहे. कोण बघतंय?"

"मी बघतोय. त्यांचे अठरा खोटे, तसे आपले पस्तीसही खोटे."

जानेवारीत पालिकेच्या कचेरीत सुनावणी झाली. मला पिशवीत गुंडाळून नेलं होतं. अधिकारीबाईंसमोर एका बाजूला आम्ही आणि दुसऱ्या बाजूला बिल्डरचे इंजिनीयर, हातात लॅपटॉप. मिस्त्री उठले आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या अर्जात पस्तीस फूट लिहिलंय ते चुकलंय. नळीवर अंगठा राहिला होता. खरे एकतीस."

इंजिनीयर हसले. "मॅडम, यांचं यांनाच माहीत नाही. आज एकतीस, उद्या एकवीस म्हणतील. अंकल, ही नळी झाडांना पाणी घालायला ठेवा!"

मिस्त्रींनी मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. "माझी चूक मी सांगितली, साहेब. आता तुमची तुम्ही सांगा."

इंजिनीयर लॅपटॉपकडे बघत राहिले. अधिकारीबाईंनी दोघांच्या समक्ष नवी मोजणी करायचा हुकूम दिला.

फेब्रुवारीत ती झाली. मिस्त्रींना आता चढ झेपत नव्हता. ते खाली स्टुलावर बसून माझं खालचं टोक धरत, आणि प्रत्येक टप्प्याला आनंदीबाई स्टूल पुढे सरकवत. वरचं टोक एव्हलिनकडे होतं. सगळी चाळ गॅलरीत उभी होती. "मिस्त्री, अंगठा!" असं कुणीतरी ओरडलं आणि आनंदीबाईंनी वर बघून डोळे वटारले. बाजूला बिल्डरच्या माणसांचं तीन पायांचं महागडं यंत्र उभं होतं.

यंत्राने एकतीस फूट दोन इंच सांगितले. मी एकतीस फूट एक इंच. अठरा कुणीच सांगितले नाहीत.

एप्रिलमध्ये पत्र आलं. अर्ज परत केला होता. खरा उतार दाखवून, छेद, भूवैज्ञानिकाचा अहवाल, पाण्याची वाट आणि भिंत यांसह नव्याने करावा, तोपर्यंत टेकडीला हात लावू नये. मिस्त्रींनी पत्र मोठ्याने वाचलं. 'भूवैज्ञानिक' या शब्दावर ते तीनदा अडले, पण एव्हलिनने मदत करायला तोंड उघडलं तेव्हा त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

मित्रांनो, ते पुन्हा येतील. जमीन महाग आहे, पुन्हा अर्ज करतील, तो त्यांचा हक्क आहे. बांधू नका असं मी म्हणत नाही. माझं आयुष्यच बांधकामात गेलं. पण टेकडी आहे तेवढी दाखवा. तिच्या पायथ्याशी माणसं भात शिजवत असतात. आणि तुमच्या घरात माझ्यासारखी जुनी, पिवळी वस्तू खिळ्याला टांगलेली असेल तर तिची दोरी करू नका. धुऊन ठेवा. वापरायला शिका. आनंदीबाई आता दर रविवारी एव्हलिनकडून शिकतात, साधी साडी नेसून.

मी म्हातारी आहे, दोन ठिकाणी चिरले आहे, तिथे टेप लावली आहे. तरी मी भरले जाते आणि खरं माप देते. नवा नकाशा आला की एव्हलिन मला घेऊन पायऱ्यांवर जाणार आहे. मी तयार आहे.

रूपर्ट मिस्त्री २०२४ च्या नोव्हेंबरात, एकवीस तारखेला सकाळी, घरीच वारले.